पाहुण्यांचं पाणी

"पाहुण्यासमोर रडायचं न्हाई," असं म्हणत आक्का दाराजवळच्या फळीवरचा तांब्या उचलायच्या. पितळेचा, चिंचेनं घासून लख्ख केलेला, वर फुलपात्र पालथं घातलेलं. दारात कुणीही येवो, लाइटबिल वाटणारा, मतदार यादीवाला किंवा नुसता पत्ता चुकलेला कुणी मोटारसायकलवाला, आधी त्याच्या हातात तो तांब्या जायचा. मग "कुठून आलाव?" ही चौकशी, आणि कामाचं बोलणं सगळ्यात शेवटी. आमच्या गल्लीत नळाला पंधरवड्यातून एकदा पाणी येतं, तेही निम्म्या वेळा नुसती फुसफुस हवा सोडून जातं. पण आक्कांचा तांब्या मी कधी रिकामा पाहिला नाही. म्हणजे एकदाच पाहिला. ते सगळं आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

आमचं गाव तालुक्याचं. धारूरच्या बाजूनं डोंगर उतरत येतो, त्याच्या पायथ्याला बाजारपेठ, एसटी स्टँड, नगरपरिषद, आणि चढावर आमची गल्ली. तासाभरावर माजलगावचं धरण आहे. त्या धरणाचं पाणी उसाला मिळतं, कारखान्यांना मिळतं, आमच्या गावाच्या खालच्या अंगालाही बऱ्यापैकी मिळतं. वर चढायला मात्र ते तयार नसतं. चढावर एक टाकी बांधायची आणि तिच्यापर्यंत पाणी नेणारा पंप बसवायचा, एवढंच काम. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हापासून ही टाकी "होणार" आहे. माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या पोरींच्या पोरी आता माझ्या वर्गात बसतात आणि टाकी अजून होणारच आहे.

आक्का माझ्या घरासमोर राहायच्या. नवरा लवकर गेला. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा पुढाऱ्यांना सही करणारी एक साधी बाई हवी होती, म्हणून त्यांनी आक्कांना उभं केलं. आक्का निवडून आल्या आणि पहिल्याच सभेत उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या गल्लीला टाकी पायजे. बाकी तुमचं चालू द्या." पुढं प्रत्येक सभेत त्या हेच म्हणायच्या. विषय दिवाबत्तीचा असो की स्मशानभूमीच्या कुंपणाचा, आक्कांचं बोलणं टाकीपाशी यायचं. नगराध्यक्ष वैतागले, मुख्याधिकारी वैतागले. सभागृहातला पाण्याचा कूलर कायम कोरडा, म्हणून आक्का घरून बाटल्या भरून नेत आणि ज्यांच्याशी भांडायचं त्यांनाच आधी पाणी पाजत. घसा ओला झालेल्या माणसाला मग नीट ओरडताही येत नसे.

तुम्ही म्हणाल, बाई चांगली होती की! चांगलीच होती हो. पण चांगल्या माणसांपायी किती वैताग सोसावा लागतो हे त्यांच्यासमोर राहणाऱ्यालाच कळतं.

एकदा गल्लीतल्या बायकांची कपिलधारला सहल निघाली. मीही बायकोबरोबर होतो. सगळ्या बायका धबधब्याखाली ओरडताहेत, भिजताहेत, आणि आक्का कोरड्या जागी उभ्या राहून मान वर करून बघताहेत. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "सर, ह्याला कुणी वॉल कावून बसवला न्हाई?" वॉल म्हणजे नळपाणी सोडायचा-बंद करायचा व्हॉल्व्ह. परतताना बसमध्ये सगळ्या अभंग म्हणत होत्या आणि आक्का ड्रायव्हरला विचारत होत्या की हे पाणी पुढं कुणाकडं जातं.

तर अशा या बाईच्या राज्यात एक दिवस बातमी आली की समुद्रापलीकडची एक मोठी संस्था आपल्याकडच्या छोट्या शहरांना पाण्यासाठी निधी देणार आहे. कुठल्या गावाला द्यायचा हे ठरवायला त्यांचं पथक प्रत्यक्ष पाहणी करणार. जिथं टंचाई सगळ्यात जास्त, त्या गावाचा नंबर आधी. मुख्याधिकाऱ्यांनी नगरसेवकांना बोलावून समजावलं, अगदी सोप्या मराठीत समजावलं, की वस्ती जशी आहे तशीच दाखवा. चढावरच्या गल्लीचं नाव पाहणीत पहिलं होतं. दुभाषा म्हणून मला नेमलं. मी खूश झालो. एवढ्या वर्षांत माझ्या इंग्रजीचा गावाला काही उपयोग होईल असं मला प्रथमच वाटलं.

सगळ्यांनी ऐकलं ते असं, की परदेशातून माणसं टंचाई बघायला येणार आहेत. आक्कांच्या मनात त्यातलं एवढंच राहिलं की पाहुणे येणार आहेत.

पथक यायच्या दिवशी मी सकाळी दार उघडलं आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. गल्ली धुतलेली होती. पाण्यानं! दारोदार सडा, सड्यावर रांगोळी, गटारीसुद्धा धुऊन काढलेल्या. घराघरांतले नळ धो धो वाहत होते. आमच्याही. माझी बायको हंडे, पातेली, बादल्या, मिळेल ते भरत सुटली होती आणि मला म्हणत होती, बघत काय उभे राहिलात, कुकर आणा. मी कुकर न आणता समोर गेलो.

"आक्का, हे पाणी कुठून आलं?"

"वॉलमनला सांगितलं. खालचे समदे वॉल बंद कर मनलं. दाब आला की चढतंय वर."

"अहो, पण ते आपल्याला पाणी नाही हे बघायला येताहेत!"

"येऊ द्या की. घामाघूम हून येतील. हातपाय धुवायला पाणी नको? बायामाणसं हायत त्यांच्यात."

"आक्का, तुम्हाला टाकी हवी आहे ना?"

"हवी हाय. ती हापिसात मागीन. मागतेच हाय. पर घरी आलेल्याला कोरडं दार दावायचं? पाहुण्यासमोर रडायचं न्हाई, सर."

मी वॉलमनकडं पळालो. तो म्हणाला, आक्कांनी दुपारपर्यंत चालू ठेवायला सांगितलंय, मी बंद केलं तर त्या मला घरी येऊन पाणी पाजतील. मी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. ते फेट्यांच्या गडबडीत होते. त्यांनी स्टँडवर बँड उभा केला होता. म्हणजे समजावून सांगणाऱ्यालाही समजलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पथकाची प्रमुख एक उंच बाई होती. मोठी टोपी, पायात जाडजूड बूट. टोपीवरच फेटा बांधला गेला, आणि तिनं तो बिचारीनं दिवसभर डोक्यावर ठेवला. ती गल्लीत शिरली तर प्रत्येक दारात एकेक बाई ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन उभी! एका घरी पोरीला पाटावर बसवून न्हाऊ घालत होते. सगळ्या गल्लीला अंघोळी एकाच दिवशी उरकायच्या होत्या, त्यांचाही इलाज नव्हता म्हणा.

टोपीवाल्या बाईनं विचारलं, पाणी किती दिवसांनी येतं? मी मराठीत सांगितलं. बायकांनी आक्कांकडं पाहिलं. आक्का म्हणाल्या, "येतंय की. आज बी आलं."

मी इंग्रजीत सांगितलं की आज आलं आहे, पण ते खास तुमच्यासाठी आणलं आहे, एरवी पंधरवडा जातो, उन्हाळ्यात टँकरवर भागवावं लागतं. आक्कांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण माणसाचं तोंड कळायचं. मला मध्येच थांबवून म्हणाल्या, "सर, मी एवढंसं बोलले. तुमी एवढं लांबलचक काय सांगताव?"

"खरं सांगतोय."

"नका सांगू. घाबरतील त्या. बाई, बसा. पाणी घ्या."

पथकातल्या सगळ्यांच्या हातात सीलबंद बाटल्या होत्या. टोपीवाल्या बाईनं आपली बाटली खाली ठेवली आणि आक्कांच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्याली. मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. मध्ये मी होतो म्हणून मला माहीत आहे, त्या टाकीवर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बाईच्या आईचे गुडघे दुखतात, यावर बोलल्या. आक्कांनी निरगुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. निरगुडीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आलं नाही, आणि आक्कांनी सगळ्यांसमोर माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की एवढा शिकून काय केलंस!

गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी त्या बाईला पुन्हा एकदा कळवळून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, तुम्ही सांगता त्यावर माझा विश्वास आहे. पण दुसऱ्या गावातही मला माणसं सांगतात. मी डोळ्यांनी पाहिलं तेच मला वर कळवता येतं, आणि मी प्रत्येक दारात पाणी पाहिलं. मग फेटा सावरत ती गाडीत बसली.

निकाल काय लागला असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. शेजारच्या तालुक्याचं गाव निवडलं गेलं. आमचं गाव "पुढच्या टप्प्यात" गेलं. त्या शेजारच्या गावात पाहणीच्या दिवशी म्हणे नळाखाली रिकामे हंडे मांडून ठेवले होते आणि म्हातारी माणसं रस्त्यावर आडवी पडली होती. शहाणं गाव!

मी तणतणत आक्कांकडं गेलो. त्या तूर निवडत बसल्या होत्या. मी बोलून घेतलं, पोटभर बोलून घेतलं. दूर कुठल्या शहरात काचेच्या इमारतीत बसून माणसं आपल्या गल्लीचं ठरवणार, त्यांना आपल्याबद्दल एवढंच कळणार जेवढं त्या एका सकाळी दिसलं, आणि तुम्ही त्यांना नदी दाखवलीत! आक्कांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग तांब्या पुढं केला. मी पाणी घेतलं नाही. त्यांच्या घरचं पाणी मी नाकारलं ते त्या एकाच दिवशी.

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. लग्न होऊन आल्यावर काही वर्षं त्या सासू-सासऱ्यांबरोबर ऊस तोडायला जायच्या. कारखान्याच्या माळावर कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत राहायचं, पाणी लांबून आणायचं.

"एकदा शहरातून माणसं आलती. हापिसरच आसतील. आमाला इचारलं, तुमाला काय त्रास हाय. आमी बाया भोळ्या. समदं सांगितलं. सासूबाई रडल्या, मी रडले. माझं लेकरू तापानं फणफणलेलं हुतं, ते त्यांनी मांडीवर घ्यायला लावलं आन् फोटो काढला. पेपरात आला. गावाकडं माझ्या बापानं बघितला. त्यो चार दिस घराबाहीर पडला न्हाई."

"आणि पाणी?"

"पाणी कुठलं? फोटो आला, पाणी न्हाई आलं." त्यांनी सुपातले खडे बाजूला काढले. "तवापसून ठरवलं. आपलं रडणं फुकट कुणाला द्यायचं न्हाई."

माझा राग गेला असंही नाही. राग होताच, फक्त आता तो नेमका कुणावर काढायचा हे मला कळेना.

पुढं नगरपरिषदेची मुदत संपली. आक्का नगरसेविका राहिल्या नाहीत, आणि नवीनही कुणी आलं नाही, कारण निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रकरण कुठं कोर्टात अडकलं होतं, तारखा पडत होत्या. गावावर प्रशासक आला. एकच साहेब, तेच सभा, तेच अध्यक्ष, तेच विरोधी पक्ष. आक्का पहिल्या दिवशी त्यांच्याकडं गेल्या तर साहेबांनी विचारलं, "आपण कोण?"

"माजी."

"काय माजी?"

"नगरसेविका. टाकीचं इचारायला आले."

साहेब वाईट नव्हते. पण त्यांच्याकडं आणखी दोन गावांचा कारभार होता, आणि इथं ते मंगळवारी भेटायचे. गल्लीला मात्र मंगळवार-बुधवार काही कळत नव्हतं. दिवा गेला, आक्का. गटार तुंबली, आक्का. टँकर आला नाही, आक्का. मी बायकांना सांगून थकलो की त्यांच्याकडं आता काहीच अधिकार नाही. बायका म्हणायच्या, मग कुणाकडं हाय? आक्का पदर खोचून, बाटल्या भरून नगरपरिषदेत जायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. शिपायापासून लेखापालापर्यंत सगळे त्यांच्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि उद्या या म्हणायचे.

मग त्या उन्हाळ्यात ते झालं. आक्कांच्या शेजारची सून, नवीन लग्न होऊन आलेली, टँकरपासून चढावर घागर आणताना घसरली. टँकरखाली कायम चिखल असतो. हात दोन ठिकाणी मोडला. आक्काच तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या सरळ माझ्याकडं. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता म्हणाल्या, "सर, त्या टोपीवाल्या बाईला फोन लावा."

फोन असा लागत नसतो. पण मी पत्त्यामागून पत्ता शोधत, मेलवर मेल पाठवत राहिलो आणि अखेर उत्तर आलं. पुढच्या टप्प्यातल्या गावांचं म्हणणं ऑनलाइन ऐकणार होते. आमच्या गावाला काही मिनिटं मिळणार होती. प्रशासक साहेब म्हणाले, लोकांच्या वतीनं आक्काच बोलू देत, त्यांना माणसं ओळखतात.

सुनावणी माझ्या घरात झाली, माझ्या लॅपटॉपवर. मी गल्लीतल्या बायकांची आदल्या दिवशी तालीम घेतली होती. रिकाम्या घागरी घेऊन मागं उभं राहायचं. साधी लुगडी नेसायची. हसायचं नाही. आक्कांना मी हात जोडून सांगितलं होतं, "उद्या पाहुणा नाही, आक्का. उद्या ऑफिस आहे." त्या "हाव" म्हणाल्या होत्या.

पडद्यावर टोपीवाली बाई आली. टोपी नव्हती, पण आक्कांनी लगेच ओळखलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत आमची ती मोजकी मिनिटं जायला लागली.

"बऱ्या हाव का बाई? जेवण झालं? आईचे गुडगे कसे हायत?"

मी भाषांतर करायचं टाळलं. आक्कांनी मला कोपर मारलं. मी केलं. पलीकडून उत्तर आलं की आई बरी आहे, आणि तो पाला तिकडं मिळाला नाही. आक्का म्हणाल्या, "मी धाडीन." मागच्या बायका हसल्या. मी घड्याळाकडं बघत होतो आणि मला तिथंच बसून रडावंसं वाटत होतं. मी हळूच म्हणालो, "आक्का, टाकी."

आक्कांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"बाई, तुमी आलतात तवा आमी पाणी दावलं. ते आमचं नव्हतं. खालच्या गल्ल्यांचं तोडून आणलतं. आमाला पाणी न्हाई."

मग त्यांनी पिशवीतून तांब्या काढला. तोच, फळीवरचा. घरून आणला होता, मला माहीत नव्हतं. फुलपात्र बाजूला केलं, आणि लॅपटॉपसमोर तांब्या पालथा धरला. एक थेंब पडला नाही. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मागं उभ्या बायकांनी माना खाली घातल्या. कुणाचं हसणं राहिलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर परक्या माणसाला कोरडा तांब्या दिसू दिला नाही, तिला मी माझ्या खोलीत हे करताना पाहिलं, आणि मला ते पाहवलं नाही. पलीकडच्या बाईलाही पाहवलं नसावं.

नंतर ती म्हणाली की तुमचं म्हणणं मी नक्की पुढं नेईन. फक्त आमच्या नियमाप्रमाणं एक गोष्ट लागेल. लोकांनी निवडून दिलेल्या सभेचा ठराव.

मी ते आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "द्या की मग ठराव."

"आक्का, निवडून दिलेली सभाच नाही. प्रशासक आहे."

"मग त्येंचा घ्या."

साहेबांनी त्यांचा दिला. कायद्याप्रमाणं तो सभेचाच ठराव असतो, असं त्यांनी बजावून लिहिलं. तिकडून उत्तर आलं की तुमच्या इथला कायदा आम्हाला मान्य आहे, पण आमच्या नियमात निवडून आलेले प्रतिनिधी असं म्हटलं आहे, कारण स्थानिक लोकशाही बळकट व्हावी असा आमचा हेतू आहे. मी ते उत्तर वाचून लॅपटॉप बंद केला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. तिकडचे लोक आमची लोकशाही बळकट व्हायची वाट बघताहेत, इकडचे कोर्टाच्या तारखेची वाट बघताहेत, आणि मधल्या मध्ये टँकरखालच्या चिखलातून बायका घागरी नेताहेत. कुणाला धरून विचारावं?

त्यानंतर आक्का रोज सकाळी मला एकच प्रश्न विचारायच्या. मी गाडीला किक मारायला लागलो की दारातून आवाज यायचा, "सर, इलेक्शन कवा हाय?" मी म्हणायचो, माहीत नाही. "पेपरात काय न्हाई का?" मी म्हणायचो, नाही. पुढं पुढं मला त्या प्रश्नाचा इतका कंटाळा आला की मी गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचो आणि तिथं सुरू करायचो. तिथंही आवाज यायचाच.

निवडणूक शेवटी झाली, पण आक्का गेल्यावर. नव्या सभेत पहिल्याच बैठकीत टाकीचा ठराव झाला, विरोधाविना झाला. आता पुन्हा पथक येणार आहे म्हणतात, पुन्हा पाहणी होणार आहे. गल्ली काय करील याची मला धडकी आहे, कारण आक्का गेल्या त्या दिवशी तिनं काय केलं ते मी पाहिलं आहे.

ऐन उन्हाळा होता. दुपारी जरा पडते म्हणून आक्का आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. त्यांचा मुलगा पुण्याहून येईपर्यंत गाव गोळा झालं. माझ्या मनात दुःखाच्या आधी आली ती काळजी. आमच्याकडं स्मशानातून परतलेली माणसं मयताच्या घरी येऊन हातपाय धुतात, कडुलिंबाचा पाला तोंडात घालतात, मग आपापल्या घरी जातात. आणि टँकर कधीचा आलेला नव्हता. मी फोन करत सुटलो. टँकरवाला उचलेना. खाली ओळखीच्या घरी गेलो, तिथंही नळ कोरडा. हात हलवत परत आलो तर आक्कांच्या दारात ड्रम भरलेले, घागरी भरलेल्या, कळश्या, बादल्या, रंगाचे जुने डबेसुद्धा भरून रांगेनं मांडलेले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या सुनेचा हात मोडला होता तीही त्याच हातावर कळशी तोलून आणत होती.

"घरात प्यायला ठेवलंय का?" मी तिला विचारलं.

"बगू उद्याचं उद्या," ती म्हणाली. "आज लई माणसं येतील."

प्रशासक साहेब आले होते. बाकावर बसून राहणाऱ्या बाईला शेवटचं पोहोचवायला आले, स्मशानापर्यंत चालत आले. परतल्यावर दारात कुणीतरी त्यांच्या हातात तोच पितळी तांब्या दिला, काठोकाठ भरून. साहेबांनी पँट वर दुमडली, एक पाय धुतला. मग भरलेल्या ड्रमांकडं बघून माझ्याकडं वळले आणि हलक्या आवाजात, अगदी चांगल्या मनानं म्हणाले, "सर, वरही पाणी बरं आलंय की आता."

इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

"नाही आलं साहेब. नळाला पाणी नाही. हे प्रत्येकीनं आपलं प्यायचं आणून ओतलंय. उद्या सकाळी या गल्लीत चहाला पाणी नाही."

मी ओरडलो असणार, कारण सगळी माणसं थांबली. मग मागून, दाराच्या आतून, आक्कांच्या बरोबरीच्या एका म्हातारीचा आवाज आला.

"सर! पाहुण्यासमोर?"

साहेब हातातल्या तांब्याकडं बघत राहिले. मग वाकून त्यांनी उरलेलं पाणी ड्रममध्ये परत ओतलं, थेंब न सांडता. एक पाय ओला, दुसरा स्मशानातल्या मातीनं भरलेला, तशीच चप्पल चढवली आणि मान खाली घालून चढ उतरून गेले.

गल्लीतल्या बायका मला त्यानंतर कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. पाणी संपलं म्हणून नाही, ते तर त्यांनी कसंबसं निभावलं. साहेब एकच पाय धुऊन गेले, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

"आक्का आसत्या," ती सून मला म्हणाली, "तर असं जाऊ दिलं नसतं."

आणि तिनं तांब्या भरला, वर फुलपात्र पालथं घातलं, आणि आपल्या दाराजवळच्या फळीवर नेऊन ठेवला.